‘ती नाही म्हणू शकत होती की!’ : ‘सेक्रेटरी किम’च्या वकिलांना उत्तर

‘व्हॉट्स राँग विथ सेक्रेटरी किम’ या कोरियन मालिकेचा विषय निघाला की के-ड्रामा (कोरियन मालिका) बघणाऱ्या मंडळींकडून एक ठरलेलं समर्थन पुढे येतं. साहेब आणि सेक्रेटरीच्या या प्रेमकथेत सत्तेचा असमतोल नाहीच मुळी, असं त्यांचं म्हणणं. कारणंही ठरलेली. ती पहिल्याच भागात राजीनामा देते, म्हणजे मोकळी आहे. तो कुठे जबरदस्ती करत नाही. उलट तीच त्याला नाचवते. कोरियात ऑफिसं अशीच चालतात. बाई बॉस असती तर कुणी बोललं असतं का? आणि सरतेशेवटी : मालिका आहे हो, एवढं काय!

मालिका झकास आहे, याबद्दल वाद नाही. पार्क सो-जूनचा आत्ममग्न ली यंग-जून आणि पार्क मिन-यंगची शांत, तरतरीत किम मी-सो ही जोडी २०१८ च्या जून-जुलैत टीव्हीएन वाहिनीवर १६ भाग चालली आणि आजही नव्याने बघितली जाते. पण मालिका आवडणं वेगळं आणि तिच्यात जे ढळढळीत दिसतंय ते नाही म्हणणं वेगळं.

‘ती राजीनामा देते, म्हणजे मोकळी आहे.’

आधी ती नोकरीत कशी आली आणि कशी टिकली ते बघू. मी-सो बारावीनंतर थेट कामाला लागली. वडिलांचं कर्ज आणि दोन मोठ्या बहिणींचं डॉक्टरकीचं शिक्षण तिच्या पगारावर निघालं. नऊ वर्षं ती युम्यंग ग्रुपच्या उपाध्यक्षाची सेक्रेटरी आहे, आणि हा उपाध्यक्ष म्हणजे ग्रुपच्या मालकाचा मुलगा. कर्ज फिटल्यावरच ती राजीनाम्याचं बोलते. त्याआधीची नऊ वर्षं ‘मोकळी’ हा शब्द तिला कुठे लागू होता?

आता कोरियन कायद्यात सोडून जाण्याचा हिशेब असा. मुदत न ठरलेल्या नोकरीत राजीनामा मालकाने मंजूर केला नाही, तरी नागरी संहितेच्या कलम ६६० नुसार सर्वसाधारणपणे एका महिन्यानंतर तो लागू होतो. दर वर्षामागे किमान ३० दिवसांचा सरासरी पगार निवृत्तिभत्ता म्हणून मिळतो, म्हणजे नऊ वर्षांचे सुमारे २७० दिवस. आपल्याकडच्या ग्रॅच्युइटीत वर्षामागे १५ दिवस धरतात, त्या मानाने ही रक्कम चांगली. पण स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला बेरोजगारी भत्ता सहसा मिळत नाही, त्यासाठी कायद्यात बसणारं कारण दाखवावं लागतं. शिवाय पदवी नसलेल्या आणि एकाच माणसाच्या हाताखाली नऊ वर्षं काढलेल्या बाईला पुढची नोकरी देणारा पहिला फोन त्याच माणसाला करणार.

थोडक्यात, दार उघडं होतं, पण दाराबाहेरचा रस्ता साहेबाच्या शब्दावरच अवलंबून होता. आणि तो शब्द तो कसा वापरतो? तिला थांबवण्यासाठी आधी बढतीपासून घर-गाडीपर्यंतची आमिषं दाखवतो. त्याने भागलं नाही तेव्हा मोठी मेहेरबानी केल्याच्या थाटात लग्नाचा प्रस्ताव ठेवतो. इन्क्रिमेंट, प्रमोशन, लग्न, असा हा चढता क्रम आहे. पटकथेत तो विनोद म्हणून येतो आणि हसूही येतं, पण प्रेमाचा पहिला उच्चार कर्मचारी टिकवण्याच्या वाटाघाटीत झाला, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

आणखी एक बाब समर्थक सोयीस्कर विसरतात. लहानपणी अपहरणात आपल्यासोबत असलेली मुलगी हीच, हे यंग-जूनला पहिल्यापासून ठाऊक असतं. तिला सेक्रेटरी म्हणून निवडण्यामागे तेच कारण असतं. ती मात्र त्या मुलाला वर्षानुवर्षं शोधत असते. त्याचा हेतू चांगला होता, लपवण्यामागे वेदना होती, सगळं मान्य. तरी एकाला सगळं ठाऊक आणि दुसरीला काहीच नाही, वर ज्याला ठाऊक तोच पगार देणारा. याहून कललेलं पारडं ते कोणतं?

‘तो कुठे जबरदस्ती करत नाही.’

हे सगळ्यांत जास्त फिरणारं कारण, आणि सगळ्यांत कच्चंही हेच.

मालिका आली त्याच वर्षी कोरियात काय चाललं होतं ते आठवा. मार्च २०१८ मध्ये दक्षिण चुंगचंग प्रांताचे गव्हर्नर आन ही-जंग यांच्यावर त्यांच्याच सचिव महिलेने टीव्हीवरच्या मुलाखतीत लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. राष्ट्राध्यक्षपदाचा भावी उमेदवार म्हणून ज्याच्याकडे बघितलं जायचं, असा हा नेता. जुलैत खटल्याची सुनावणी झाली. मालिकेचा शेवटचा भाग २६ जुलैला दाखवला गेला आणि १४ ऑगस्टला कनिष्ठ न्यायालयाने आन यांना निर्दोष सोडलं. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की त्यांच्याकडे अधिकार होता खरा, पण तो वापरून तिची इच्छा दडपली असं सिद्ध होत नाही. ‘तो कुठे जबरदस्ती करत होता’चीच ही कायदेशीर भाषा.

१ फेब्रुवारी २०१९ रोजी सोल उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला आणि साडेतीन वर्षांची शिक्षा दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कोरियन दंडसंहितेच्या कलम ३०३ मध्ये आपल्या देखरेखीखालच्या व्यक्तीशी अधिकाराचा दबाव वापरून ठेवलेला शरीरसंबंध हा वेगळाच गुन्हा आहे. तिथे मारहाण किंवा धमकी दाखवावी लागत नाही. २०१८ मध्येच त्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून सात वर्षं झाली.

यंग-जून गुन्हेगार आहे असं इथे कुणी म्हणत नाही. तो तसा नाही, मालिकेत तसं काही घडतही नाही. मुद्दा एवढाच की हात धरला का, परवानगी विचारली का, एवढ्यावर सत्ता मोजायची म्हटली तर ती कधीच सापडणार नाही. ती इतरत्र असते. रोज सकाळी मी-सो साहेबाच्या घरी जाते आणि त्याचा टाय बांधते. हा प्रसंग वारंवार येतो, कॅमेरा दोघांच्या चेहऱ्यांजवळ रेंगाळतो, संगीत वाजतं. प्रेक्षक त्यात जवळीक बघतो. ते कामाच्या यादीतलं काम आहे, ते नाकारलं तर काय होईल हे तिने नऊ वर्षांत कधी तपासलेलं नाही, आणि याच कामातून प्रेम उगवतं असं आपल्याला दाखवलं जातंय.

वेळेचं तेच. १ जुलै २०१८ पासून ३०० किंवा जास्त माणसं असलेल्या कोरियन कंपन्यांना आठवड्याला ५२ तासांची मर्यादा लागू झाली, ४० नेहमीचे आणि १२ जादा. म्हणजे मालिका ऐन रंगात असताना. मी-सोचे रात्रीचे फोन, पार्ट्या, सुट्टीच्या दिवशीची बोलावणी मोजायला बसलं तर ५२ चा आकडा आठवडा संपायच्या आत ओलांडला जाईल. प्रेम जमल्यावर तर पंचाईतच : रात्री दहाचा फोन ओव्हरटाइम की गप्पा? हे ठरवणार कोण?

‘तीच त्याला नाचवते.’

भावनेच्या पातळीवर हे खरं आहे. ती नसली की त्याचा दिवस कोलमडतो. तिच्या डोक्यात त्याचं वेळापत्रक, माणसं, आवडीनिवडी सगळं साठवलेलं आहे, आणि नव्या मुलीला, किम जी-आला, ते शिकवताना तिची किंमत कळते. पण हे वजन कधी उपयोगी पडतं? ती निघाली आहे तेवढ्यापुरतंच. राजीनामा मागे घेतला की ते वजनही गेलं.

कार्यालयातली सत्ता ओळखायची तर साधे प्रश्न विचारावेत. अप्रेझलवर सही कुणाची? रजा कोण मंजूर करतं? बदली कुणाच्या हातात? भांडण झालं तर उद्या सकाळी कुणाला दुसऱ्या मजल्यावर पाठवता येईल? चारही उत्तरं यंग-जूनकडे जातात. तो तिच्यासाठी झुरतो, रात्ररात्र जागतो, हे खरंच गोड आहे. झुरणाऱ्या माणसाच्या हातातलं सहीचं पेन मात्र तसंच राहतं.

तक्रार करायची तर ती जाते कुठे, तेही बघा. ग्रुपचा प्रेसिडेंट (हे पद तिथे उपाध्यक्षाच्या खालचं) पार्क यू-सिक हा यंग-जूनचा जिवलग मित्र. कंपनीत ‘हे बरोबर नाही’ असं उपाध्यक्षाला तोंडावर सांगू शकेल असा एकच माणूस, आणि तो त्याला प्रेमाचे सल्ले देतोय. एचआर तर दिसतच नाही.

‘कोरियात ऑफिसं अशीच चालतात.’

मग कोरियन कायदे कुणी केले? लैंगिक छळाविरुद्धची तरतूद तिथल्या समान रोजगार कायद्यात १९९९ पासून आहे, दर वर्षी प्रशिक्षण सक्तीचं आहे. लग्न झालं की बाईने नोकरी सोडायची अशी अट करारात घालायलाही बंदी आहे. १६ जुलै २०१९ पासून पाच किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कामाच्या जागचा जाच प्रतिबंधित झाला. त्याच्या व्याख्येतच पदाचा किंवा नात्याचा वरचष्मा वापरणं हा पहिला निकष आहे. तक्रार कुणीही करू शकतं, चौकशी मालकावर बंधनकारक, आणि तक्रारदारावर सूड उगवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी वॉनपर्यंत दंड.

सुरुवातीला या कायद्यात एक मोठी फट होती. जाच करणारा स्वतः मालकच असेल तर चौकशी करणार कोण? ऑक्टोबर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. मालकाने, किंवा त्याच कंपनीत काम करणाऱ्या त्याच्या नातलगाने जाच केला, तर एक कोटी वॉनपर्यंत दंड. मालकाच्या नातलगांचा वेगळा उल्लेख करून कायदा लिहावा लागला, यावरूनच ध्यानात यावं की ‘मालकाचा देखणा मुलगा’ ही व्यक्तिरेखा तिथल्या कर्मचाऱ्यांना पडद्यावर कितीही भावली, तरी ऑफिसात तिची धास्तीच असते.

मालिकांच्याच भाषेत बोलायचं तर त्याच वर्षी, मार्चमध्ये, जेटीबीसी वाहिनीवर ‘समथिंग इन द रेन’ सुरू झाली होती. तिची नायिका यून जिन-आ कॉफीच्या साखळी दुकानांच्या कंपनीत सुपरवायझर. ऑफिसच्या जेवणावळीत वरिष्ठांसाठी मांस भाजायचं, त्यांच्या लगट करण्याला हसून टाळायचं, कराओकेच्या खोलीत नाचायचं, हे तिने वर्षानुवर्षं सोसलेलं. ती बोलायला लागते तेव्हा तिची बदली पाजू शहरातल्या गोदामात होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो, हे कोरियन लेखकांना छान ठाऊक आहे. ‘कोरियात असंच असतं’ म्हणताना आपण त्यांनाच अडाणी ठरवतो.

‘बाई बॉस असती तर?’

तरीही प्रश्न हाच. २०२२ च्या ‘फोरकास्टिंग लव्ह अँड वेदर’मध्ये पार्क मिन-यंगच हवामान खात्यातली विभागप्रमुख आहे आणि सोंग कांगचा ली शी-वू तिच्या हाताखालचा. त्याच्या कामाबद्दलचं मत तिच्या टेबलावर ठरतं. फरक इतकाच की ती मालिका हे लपवत नाही. नातं गुपित ठेवण्याची दोघांची धडपड आणि त्याच खात्यातला, लग्न ठरून मोडलेला तिचा पूर्वीचा नियोजित नवरा, यातून ऑफिसात प्रेम मोडल्यावर काय होतं ते नीट दिसतं.

‘मालिका आहे हो, एवढं काय!’

हे कारण वरच्या पाचांच्या विरुद्ध जातं. असमतोल नाहीच म्हणायचं, आणि असला तरी काय बिघडलं, असंही म्हणायचं, हे एका दमात जमत नाही. खरं तर ही कथा असमतोलावरच चालते. यंग-जूनला साधा सहकारी करा, मालिका पहिल्या वीस मिनिटांत संपेल.

प्रत्यक्ष कंपनीत असं नातं जमलं तर करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. एचआरला लेखी कळवायचं. अप्रेझल आणि पगारवाढीची सही तिसऱ्याकडे द्यायची. शक्यतो वरच्या माणसाने जागा बदलायची, खालच्याने नाही. नातं मोडलं तर कोण कुठे जाईल हे आधी ठरवायचं. इथे यातलं एकही जमण्यासारखं नाही. उपाध्यक्षाला हलवणार कुठे? सही यू-सिककडे द्यावी तर तो मित्र, वर त्याच्याच हाताखालचा. आणि सेक्रेटरीचं काम त्या माणसाभोवतीच बांधलेलं.

म्हणजे एकच स्वच्छ वाट उरते : तिने नोकरी सोडावी आणि मग हवं तर त्याच्यासोबत जेवायला जावं. ती वाट मी-सोने पहिल्याच भागात शोधून काढली होती. उत्तरार्धात ती राजीनामा मागे घेऊन त्याचीच सेक्रेटरी राहते, आणि पटकथा त्या क्षणाला आनंदाचं संगीत लावते.