‘नर्सिंगवाल्यांना परदेशात थेट तिसरं वर्ष’: हे फॉरवर्ड करणाऱ्यांनो, जरा थांबा

‘बीएस्सी नर्सिंग झालंय? नीटशिवाय परदेशात एमबीबीएस! थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश. ड्युटीचा अनुभव इंटर्नशिप म्हणून ग्राह्य. परत येऊन लगेच प्रॅक्टिस. वयाची अट नाही.’ नर्सिंगच्या ग्रुपांवर हा मजकूर जोरात फिरतोय. माझ्या मावसबहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, राजीनामा देऊन टाकू का?’ म्हणून हे लिहितोय, नाहीतर असल्या जाहिरातींच्या नादी कोण लागतो!

तिसऱ्या वर्षाची थाप आधी घेतो, कारण माणूस बुडणार तो तिथेच. युक्तिवाद असा की ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, फार्माकोलॉजी हे सगळं नर्सिंगला झालंच आहे, मग पुन्हा कशाला? ऐकायला झकास. पण राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशातून पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी नियम काढले, ते कुणी उघडून बघितलेत का? वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत संस्था एकच, आणि त्या शिक्षणाचा कुठलाही भाग भारतात झालेला चालत नाही. आता तुमची नर्सिंगची वर्षं कुठे झाली? इथेच ना? ती दोन वर्षं म्हणून धरली तर ५४ पैकी उरले ३०. तिसऱ्या वर्षात बसवून घेणारं एखादं कॉलेज सापडेलही, फी भरल्यावर पदवीही देईल. त्या पदवीवर इथे डॉक्टर म्हणून नोंदणी होणार नाही. हे कळतं तेव्हा नोकरी गेलेली असते आणि कर्ज डोक्यावर असतं.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. नर्सिंगची पदवी बाहेर अगदीच कवडीमोल नाही. फिलिपिन्समध्ये मेडिकलला जाण्याआधी एक पदवी लागतेच आणि तिथले कितीतरी जण नर्सिंग करून, एनमॅट ही तिथली प्रवेश परीक्षा देऊन एमडीला (तिथे आपल्या एमबीबीएससारखी डॉक्टरकीची पहिली पदवी) जातात. आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन इथेही पदवीधरांसाठी चार वर्षांचे मेडिकल कोर्स आहेत. त्यांना गॅमसॅट किंवा यूकॅटसारखी परीक्षा लागते, आणि नर्सिंगची पदवी बऱ्याच ठिकाणी चालते. मुलाखतीत वॉर्डातला अनुभव नक्कीच उपयोगी पडतो, कारण पेशंटशी कसं बोलायचं हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. (ब्रिटनमधले यातले काही कोर्स बाहेरच्या विद्यार्थ्यांना घेतच नाहीत, ते आधी बघा.) पण प्रवेश मिळतो तो मेडिकलच्या पहिल्या वर्षालाच. आणि चार वर्षं म्हणजे ४८ महिने, ५४ नव्हेत. म्हणजे रस्ता खरा आहे, पण तो तिथेच राहून डॉक्टरकी करणाऱ्याचा. परत यायचं असेल तर हे गणित प्रवेशाआधीच मांडावं लागेल.

अमेरिकेत नर्सना प्राधान्य मिळतं, अशी एक पुरवणी काही ग्रुपांवर जोडलेली दिसते. पदवी कुठल्याही विषयाची चालते, एवढंच त्यात खरं. एमकॅट ही तिथली मेडिकलची प्रवेश परीक्षा सगळ्यांना सारखीच. बहुतेक कॉलेजं ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रॅक्टिकलसह मागतात, जे नर्सिंगला आपण पुरेसं शिकलेलोच नसतो. त्यातून परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी कॉलेजं थोडी, आणि त्यांतली बरीच म्हणतात की काही शिक्षण अमेरिकेत किंवा कॅनडात झालेलं हवं.

नीट? लागते. परदेशी शिकून इथे प्रॅक्टिस करणाऱ्यांना ती २०१८ पासून सक्तीची आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो नियम उचलून धरला. नर्सिंगच्या पदवीने त्यातून सुटका होत नाही. बारावी आर्ट्स करून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि मग त्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी केलेल्या मुलींनी तर जास्तच सावध राहावं. पदवी हातात असली तरी बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी नाहीत, म्हणजे नीटचा फॉर्म भरतानाच अडणार.

ड्युटीचा अनुभव म्हणजे इंटर्नशिप, यावर काय बोलायचं? आयसीयूत दहा वर्षं काढलेली सिस्टर नव्या इंटर्नला शिकवते हे खरं आहे, पण नियमाला ते दिसत नाही.

वयाचं खरं आहे. नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली. पाचांतला हा एकच मुद्दा सरळ निघाला.

राहिलं ‘लगेच प्रॅक्टिस’. परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशात मेडिकल करून आलेल्यांची इथली परीक्षा: ३०० पैकी १५० गुण हवेत, आणि त्या परीक्षेत पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच जास्त असतात. पास झालात तरी भारतात पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. शिवाय ज्या देशात शिकलात तिथल्या नागरिकाला डॉक्टरकीचा जो परवाना मिळतो, तोच तुमच्या पदवीवरही मिळायला हवा, अशी अट आहे. एजंटला विचारायचंच असेल तर एवढंच विचारा: हा परवाना मिळेल का, आणि कोर्स किती महिन्यांचा? उत्तर कॉलेजच्या लेटरहेडवर मागा.