साहित्य : घरात सहज उपलब्ध

शाळेच्या विज्ञान दिनाच्या परिपत्रकात प्रत्येक प्रयोगाखाली एक ओळ असते : ‘साहित्य : घरात सहज उपलब्ध’. ही ओळ लिहिणाऱ्याचं घर मला एकदा बघायचंय. त्या घरात बुटांचा रिकामा खोका असतो, तांब्याची तार असते, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे असतात, छोट्या आरशाचे दोन सारखे तुकडे असतात, आणि मुख्य म्हणजे यातलं काय कुठे ठेवलंय हे सांगू शकणारा माणूस असतो.

असं घर आमचंही होतं. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या खोल्यांवर माळा होता आणि त्या माळ्यावर एक अख्खी प्रयोगशाळा धूळ खात पडली होती. मग वाडा पडला, इमारत उभी राहिली, आणि ‘नव्या घरात जुनं काही यायचं नाही’ असा ठराव आमच्या हिनं एकमतानं मंजूर केला. एकमतानं म्हणजे तिच्या एकटीच्या मतानं. भंगारवाला टेम्पो भरून घेऊन गेला. आता फ्लॅटमध्ये छतापर्यंत कपाटं आहेत आणि त्यांत उपयोगाच्या वस्तूंशिवाय काही नाही. उपयोगाच्या वस्तूंतून टाकाऊतून टिकाऊ करता येत नाही, ही अडचण तेव्हा कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

मुलगा आणि सून हिंजवडीला जातात. त्यामुळे तिसरीतल्या ईराचं विज्ञान माझ्याकडे. “बाबा, सोपं आहे, एका दिवसाचं काम,” असं मुलानं बसमधून फोनवर सांगितलं. निवृत्त माणसाकडे दिवसांचा साठा असतो असा तरुण मंडळींचा समज आहे. ज्यांच्या शोधामुळे हा विज्ञान दिन असतो, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला आपला शोध लावला, १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांना परिपत्रक आदल्या दिवशी मिळालं नव्हतं, एवढंच मी म्हणेन.

कागदावर पाच प्रयोग होते. त्यांतला कुठलाही एक करायचा आणि जोडीला एक हस्तकला. शेवटी ठळक अक्षरांत : ‘पालकांनी केवळ मार्गदर्शन करावे.’

हस्तकलेचं मी लगेच ठरवलं. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता कित्येक वर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवत. त्यांच्या आगकाड्यांच्या आकृत्या मला पाठ आहेत. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे करायचे, त्यांत काड्या खोचायच्या. त्रिकोण केला तर कितीही दाबा, हलत नाही. चौकोन लगेच एका अंगाला कलतो. पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे मुलाच्या बोटांना कळतं. खर्च जवळपास शून्य.

पण आमच्याकडे गॅस लायटरनं पेटतो. घरात काडेपेटी एकच, देवापाशी. “देवाची काडेपेटी मिळायची नाही,” असं आतून आलं. काड्या वाण्याकडे मिळाल्या. व्हॉल्व्ह ट्यूबसाठी मात्र वणवण झाली. एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं. आता सायकलच्या दुकानांत गिअर, हेल्मेट आणि पाण्याच्या रंगीत बाटल्या. आताच्या बऱ्याच ट्यूबच्या व्हॉल्व्हला ती रबरी नळी लागतच नाही. अखेर पेठेतल्या एका जुन्या दुकानात म्हातारबुवांनी विचारलं, “कुठली सायकल आहे?”

“सायकल नाही. नात आहे.”

त्यांनी काही न बोलता नळीचं वेटोळं काढून दिलं. असे आजोबा बहुधा अधूनमधून येत असावेत.

प्रयोगात पहिली पसंती लिंबाच्या बॅटरीला होती. कागदात लिहिलं होतं : लिंबू, खिळा, तार, बल्ब. बल्बासाठी तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवरच्या मुलानं मला नखशिखांत पाहिलं. “काका, लिंबावर टॉर्चचा बल्ब नाय पेटत. लाल एलईडी घ्या. आणि लिंबं चार घ्या, एकात एक व्होल्टसुद्धा येत नाय.” खरं होतं त्याचं. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट लागतात, म्हणून लिंबं एकामागे एक जोडावी लागतात. त्यात एलईडीचा लांब पाय धन, तो उलटा लागला तर सगळं व्यर्थ. एवढं परिपत्रक काढणाऱ्यानं लिहायला काय हरकत होती? त्यानं प्रयोग करून पाहिला नसणार, ही माझी खात्री आहे.

एलईडी पेटला. पडदे ओढून, टेबलाखाली शिरून पाहिलं तेव्हा दिसला. त्या लिंबांत जस्त उतरलेलं असतं म्हणून त्यांचं सरबत करता येणार नाही, हे सांगायचं काम माझ्यावर आलं. बाजारभाव माझ्या तोंडावर वाचून दाखवण्यात आला. मग हिनं ती लिंबं मीठ लावून तांब्याच्या कळशीवर घासली. कळशी एलईडीपेक्षा जास्त चमकली.

टेबलाखालचा प्रयोग वर्गात मांडता येईना, म्हणून ईरानं ज्वालामुखी निवडला. सगळेच ज्वालामुखी करतात. मातीचा डोंगर, पोटात बाटली, बाटलीत खायचा सोडा, वरून व्हिनेगर. कार्बन डायऑक्साइड फसफसत येतो आणि टाळ्या पडतात. बाटलीसाठी मी विकतचं सरबत आणलं आणि ते कुणीतरी प्यावं म्हणून वॉचमनपर्यंत फिरलो. टाकाऊ वस्तू बाजारात इतकी महाग पडते.

डोंगर थापायला बसलो आणि ईरानं विचारलं, “आबा, आपल्याकडे होता का ज्वालामुखी?”

होता का? अगं, आपण त्याच्यावरच बसलोय! मला तर अवसान चढलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा वाहिला, थरावर थर. पाताळेश्वराची लेणी त्याच काळ्या कातळात कोरलीत. आमच्या इमारतीचं पार्किंग खणताना बिल्डरनं ‘कातळ लागला’ म्हणून रक्कम वाढवून मागितली, तो हाच. म्हणजे यादीतली एकच गोष्ट आमच्या घरात खरोखर उपलब्ध होती, आणि ती तळघराखाली होती.

“मग आपला डोंगर कुठला? पर्वती?”

इथे पंचाईत झाली. आपला लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आला आणि सपाट पसरला. टोकदार डोंगरातून उसळलाच नाही. टेकड्या नंतरच्या, पाण्यानं कापून काढलेल्या. हे ऐकल्यावर ईरानं थापलेला डोंगर हातानं सपाट केला. मार्गदर्शन तेवढं झालं, यापुढचं तिनं केलं. बाटली उभी चिरून पन्हळ केली, तिच्यात सोडा पसरला, वर मधोमध चीर दिलेला पुठ्ठा ठेवला. लाव्ह्याला रंग हवा म्हणून स्वयंपाकघरातून हळद आली.

ओल्या सोड्यात हळद मस्त लालसर झाली. मी खूष झालो. व्हिनेगर ओतलं, चिरेतून फेस वर आला, पुठ्ठ्यावर लांबवर पसरला. अगदी दख्खन. फक्त आम्लामुळे हळद पुन्हा पिवळी पडली आणि आमचा लाव्हा वरणासारखा दिसायला लागला. त्यातलं थोडं वरण टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर गेलं. हिनं धावत येऊन साबण लावला. डाग लालभडक.

“हे काय केलंत?”

“पाचवा प्रयोग,” ईरा म्हणाली. “हळदीचा दर्शक. साबण अल्कली असतो, आजी.”

तो काहीही विकत न आणता झालेला एकमेव प्रयोग.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका रांगेत शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी मांडलेले. एकात आत लाल दिवा होता आणि मोबाइलवर गडगडाट. आमचा पुठ्ठा कडेला, आणि त्याच्या शेजारी ईरानं सोसायटीच्या राडारोड्यातून उचललेला दगड, बारीक भोकांचा. परीक्षक सर वाकले.

“बेटा, डोंगर कुठाय?”

“डोंगर नंतर झाले, सर. आधी लाव्हा सपाट पसरला, मग नद्यांनी कापला.”

“हा दगड?”

“पुठ्ठ्यावरचे बुडबुडे सोड्याचे आहेत, सर. यातले खरे आहेत. लाव्ह्यातला वायू अडकून राहिला ना, त्याची भोकं.”

सर बराच वेळ कागद पाहत राहिले. कागदात ‘डोंगराची रचना’ असा रकाना होता. तिथे त्यांनी शून्य दिलं. ‘टाकाऊ वस्तूंचा वापर’ यात मात्र पैकीच्या पैकी, दगडामुळे. बक्षीस गडगडाटाला गेलं. काड्यांचा त्रिकोण सरांनी दोनदा दाबून पाहिला आणि खिशात घालून नेला.

दगड मी परत आणला. माझ्या टेबलावर ठेवणार होतो, पण त्याआधीच तो हिच्या नजरेस पडला. आता न्हाणीघरात वजरी म्हणून आहे. टाचांना उत्तम चालतो म्हणे, आणि शेजारच्या वहिनींनी तसाच आणून देता का म्हणून विचारलंय.