डबल हिटचा जाब नेमका कुणाला विचारायचा?

पूलच्या, म्हणजे टेबलावर काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायच्या खेळाच्या, एखाद्या मॅचमधली दहा सेकंदांची क्लिप फिरायला लागली की खाली ठरलेली कॉमेंट येतेच: "सरळसरळ फाऊल आहे, स्वतःहून कबूल करायला काय झालं होतं? खिलाडूवृत्तीच उरली नाही." मला या कॉमेंटचा आता वीट आलाय. काही फाऊल खेळाडूला पक्के कळतात, काही त्याला कळूच शकत नाहीत, आणि आपण दोन्हींना एकाच मापाने मोजतो.

सगळ्यात जास्त भांडणं डबल हिटवरून, म्हणजे एकाच शॉटमध्ये काठी बॉलला दोनदा लागण्यावरून. क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा बॉल) आणि समोरचा बॉल यांच्यात जेमतेम बोटभर अंतर. खेळाडू सरळ मारतो, क्यू बॉल धडकून अडतो आणि मागून येणारी काठीची टिप, म्हणजे टोक, त्याला पुन्हा लागते. फाऊल. पण टिपचा बॉलला होणारा स्पर्श टिकतो साधारण एक मिलिसेकंद. कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम घेत असेल, तर दोन फ्रेममध्ये 20 मिलिसेकंद निघून जातात. म्हणजे ज्या फ्रेमवर लाल गोल काढून आपण "हे बघा" म्हणतो, तिच्यात तो दुसरा स्पर्श बहुधा नसतोच. खेळाडूच्या हातालाही तो वेगळा जाणवेल याची खात्री नाही.

मग चांगला पंच काय बघतो? तो बघतो पुढची चाल. दोन्ही बॉल सारख्याच वजनाचे. समोरासमोर भरीव धडक बसली की क्यू बॉलचा जवळजवळ सगळा वेग पुढच्या बॉलला जातो. क्यू बॉल थबकायला हवा, आणि टॉपस्पिन असेल तर थबकून मग सरकायला हवा. न थबकता तो पुढच्याच्या बरोबरीने धावला, तर टिप दोनदा लागली. मात्र दोन्ही बॉल आधीपासून चिकटलेले असतील, तर त्याच दिशेने मारलेला शॉट वैध. दृश्य तेच, निकाल उलटा. म्हणून शॉटच्या आधी वाकून बघून "चिकटलेले आहेत" असं जाहीर करणं इतकं महत्त्वाचं, आणि नेमकं तेच राहून जातं.

आता हे सगळं बघायचं कुणी? टेबलाजवळ पंच नसेल, तर नियमाप्रमाणे खुर्चीत बसलेला प्रतिस्पर्धीच पंच. शंका आली तर शॉटच्या आधी त्याने उठायचं, खेळ थांबवायचा, पंचाला बोलवायचं. पुढचा शॉट खेळला जाईपर्यंत फाऊल पुकारला नाही, तर तो झालाच नाही असं धरतात. पूलच्या यूएस ओपनसारख्या स्पर्धेत 256 खेळाडू असतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत एकाच वेळी कितीतरी टेबलं चालू आणि फिरते पंच मोजके. ज्याचं सर्वात जास्त नुकसान होणार, त्यालाच न्यायाधीश करायचं आणि वाद झाला की दोघांच्या स्वभावावर प्रवचन द्यायचं, ही कुठली पद्धत? आणि पूलला पंच घडवता येत नाहीत असंही नाही. 2009 मध्ये जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पंच असलेली पहिली स्त्री, मायकेला टॅब, पूलच्या टेबलांवरूनच तिथे गेली. पंच लागतात, त्यांना पैसे द्यावे लागतात, बस.

शर्टाची बाही क्यू बॉलला लागणं ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे कुठला कॅमेरा आणि कुठले मिलिसेकंद? ज्याची बाही त्याला कळतंच. स्नूकरमध्ये पंच शेजारी उभा असून त्याच्या नजरेतून सुटलं, तरी खेळाडू स्वतःच फाऊल सांगून बाजूला होतो. तिथे हे इतकं रुळलेलं आहे की समालोचकही त्यावर फार वेळ घालवत नाहीत. पूलमध्येही असे खेळाडू आहेत. पण "बघणं हे समोरच्याचं काम" हा युक्तिवाद अजून बिनदिक्कत केला जातो. मला तो मुळीच पटत नाही. फाऊल झाला की समोरच्याला बॉल इन हँड मिळतो, म्हणजे क्यू बॉल हवा तिथे ठेवून खेळता येतं, आणि मोठ्या स्पर्धांतला खेळाडू मग बहुतेक वेळा अख्खा रॅक, म्हणजे तो डाव, साफ करतो. 2024 ची जागतिक नाइन-बॉल (पूलचाच एक प्रकार) फायनल जेद्दाहमध्ये फेडोर गोर्स्टने एक्लेंट काचीविरुद्ध 15–14 अशी जिंकली. एका रॅकचा फरक! अशा मॅचमध्ये लपवलेल्या एका स्पर्शाची किंमत काय होईल, हिशोब तुम्हीच करा.

जाता जाता: अमेरिकन पूलपटू अर्ल स्ट्रिकलँडच्या आरडाओरड्यावर लोक वर्षानुवर्षं तोंडसुख घेत आलेत. प्रेक्षकांशी त्याचं वाजायचं हे खरंच, आणि त्याचं वागणं मलाही अनेकदा खटकलंय. पण तो चिडला की निदान सगळ्या हॉलला कळायचं. बाही लागल्यावर चेहरा कोरा ठेवून पुढचा शॉट खेळणारा सभ्य म्हणून सुटतो.

माझं मागणं फार नाही. बक्षिसाची रक्कम मोठी असेल तिथे पहिल्या फेरीपासून प्रत्येक टेबलावर पंच द्या. ते जमणार नसेल, तर टेबलावर वरून एक कॅमेरा लावा आणि बॉलची चाल वाचता येणारा माणूस पडद्यासमोर बसवा. आणि जाणवलेला फाऊल स्वतः सांगणं ही नियमातच खेळाडूची जबाबदारी ठरवा. लपवलेला उघड झाला तर रॅक गेला. तोवर डबल हिटच्या क्लिपखाली कुणाला चोर म्हणू नका. बाहीवाल्याची क्लिप मिळाली, तर ती मात्र खुशाल फिरवा.