सर, टार्गेट मोठंय!

सव्वानऊला शेअर बाजार उघडतो न उघडतो तोच ब्रोकरच्या ऑफिसातून फोन. "सर, हा शेअर आज घेऊनच टाका, टार्गेट मोठंय!" म्हणजे भाव म्हणे खूप वर जाणार. अहो, कंपनी करते काय ते तरी सांगा. कर्ज किती, प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मालकमंडळींनी, किती शेअर गहाण टाकलेत, कागदावरचा नफा रोखीत येतो का? समोर शांतता. मग हळूच, "सर, रिसर्च टीमचा कॉल आहे." कॉल म्हणजे 'घ्या' असा सल्ला. कोण ही टीम? बसते कुठे?

हे सगळं बीएसई-एनएसई या शेअर बाजारांच्या साइटवर फुकट आहे हो! भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला येतो, गहाण शेअरसकट. वार्षिक अहवालात ऑडिटरचे शेरे असतात, बारीक अक्षरातल्या टिपा असतात, आणि खरी मेख तिथेच असते. पण "वाचून ठरवतो" म्हटलं की पलीकडून असा सुस्कारा येतो, जणू मी हुंडा मागितलाय.

दलाली यांना घेतानाही मिळते, विकतानाही. शेअर वर जावो नाहीतर खड्ड्यात. म्हणून तर पाच वर्षं ठेवायला घेतलेला शेअर दोन महिन्यांत "प्रॉफिट बुक करा". वर अल्पमुदतीचा 20 टक्के कर भरायचा मी!

आणि नाहीच ऐकलं, तर "ऑप्शन करा ना सर." म्हणजे शेअर न घेता त्याच्या पुढच्या भावावर सौदा. 2021-22 ते 2023-24 या काळात फ्युचर्स-ऑप्शनमध्ये 100 पैकी 93 वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, हे खुद्द बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सांगितलंय. फोनवर वाचून दाखवलं. तर म्हणे, "सर, तुम्ही उरलेल्या सातातले!"