मेलुहा वाचलो

आमच्या बेळगावात पुस्तक वाचून संपलं की माणूस 'पुस्तक वाचलो' म्हणतो. 'जेवण केलो', 'काम केलो', तसंच 'पुस्तक वाचलो'. पुण्याचा भाचा ह्यावर न चुकता हसतो. "मामा, 'पुस्तक वाचलं' म्हणायचं. 'वाचलो' म्हणजे बसखाली येता येता राहिलो." मी गप्प बसतो. पुण्याच्या माणसाशी व्याकरणावर भांडू नये, हे मला बहिणीच्या लग्नातच कळलं होतं. पण गेल्या दिवाळीपासून जे काही झालं, त्यानंतर माझं ठाम मत आहे की निदान एका पुस्तकापुरतं तरी आमचंच व्याकरण खरं.

ते पुस्तक ह्याच भाच्यानं आणलं. अमीश त्रिपाठींनी शिवावर तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली पहिली. मूळ इंग्रजी 2010 सालची, त्यानं आणला तो मराठी अनुवाद. लांबलचक नाव कोण घेतो, आमच्या गल्लीत ते 'मेलुहा' ह्याच नावानं फिरलं. "मामा, वाच, भारी आहे," म्हणून तो कुंद्याचे दोन डबे घेऊन पुण्याला गेला. एका पुस्तकाला दोन डबे कुंदा हा व्यवहार मला तेव्हाच महाग वाटला होता.

आईनं आतून विचारलं, "काय ठेवून गेला रे?"

"मेलुहा."

"कोण मेलं?"

मेसोपोटेमियाच्या जुन्या मातीच्या पाट्यांवर मेलुहा नावाचा देश येतो, तो म्हणजे आपला सिंधूकाठ असं जाणकार मानतात, वगैरे मी सांगितलं. आईनं पुस्तक हातात घेतलं, लांब धरून मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर शिव पाठमोरा उभा. "देवानं पाठ फिरवलीय बघ," ती म्हणाली, आणि पुस्तक फ्रिजवर ठेवून माळ ओढायला बसली. आई दर सोमवारी कपिलेश्वराला जाते. तिथला देव समोरून दिसतो.

गोष्ट अशी. इसवी सनापूर्वी 1900. शिव हा देव नाहीच, तिबेटातल्या एका टोळीचा नायक. मानसरोवराकाठी राहतो, लढतो, नाचतो, चिलीम ओढतो. मेलुहाचे लोक त्याला आपल्या देशात बोलावतात, सोमरस पाजतात, आणि त्याचा गळा निळा होतो. झालं! 'नीलकंठ आला' म्हणून सगळे पाया पडायला लागतात. त्या बिचाऱ्याला कळत नाही की आपण नक्की केलंय काय.

मला आवडली. तीन रात्रींत संपवली. तिथंच थांबलो असतो तर हा लेख लिहायची पाळी आली नसती. पण दुसऱ्या दिवशी किराणा आणायला गेलो आणि अण्णांच्या दुकानापुढच्या कट्ट्यावर बोलून बसलो, "एक झकास पुस्तक वाचलो."

आमच्या गल्लीत पुस्तक मागून नेण्याची रीत अशी आहे की नेताना ते तुमचं असतं, आवडलं तर लेखकाचं होतं आणि नाही आवडलं तर परत तुमचं.

पहिल्यांदा नेलं मास्तरांनी. हायस्कुलात चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. खिशाला लाल-निळी पेन्सिल अजून आहे. तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं तेव्हा समासात मुंगीला चालायला जागा नव्हती. सुरुवातीला 'आधार?'. मग 'आधार??'. मध्ये एके ठिकाणी 'बरे आहे', ते खोडून 'ठीक'. शिव हल्लीच्या पोरांसारखा बोलतो तिथं नुसतं 'भाषा!'. आणि एका पानावर एका शब्दाखाली इतक्या जोरात रेघ मारलेली की मागच्या दोन पानांवर ती उमटली होती. तो शब्द होता 'देवगिरी'.

"मेलुहाची राजधानी देवगिरी!" मास्तर संध्याकाळी कट्ट्यावर कडाडले. "आणि कुठं? सरस्वतीच्या काठावर! अहो, देवगिरी यादवांची. रामदेवरायाची. ज्ञानेश्वरीच्या शेवटी नाव आहे त्याचं. आपला हा बेळगावचा किल्ला रट्ट राजांनी बांधला आणि यादवांनी घेतला, ते यादव तरी कुठले? देवगिरीचेच!"

तात्या मन लावून ऐकत होते. तात्यांचे चार माग आहेत, त्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं ते मोठ्यानं बोलतात आणि उशिरा बोलतात. "म्हणजे इथली देवगिरी उचलून तिकडं नेली?"

"नेली."

तात्यांनी पान थुंकलं. "56 साली बेळगाव नेलं. आता देवगिरीबी?"

सीमाभागातला माणूस कशावरही विनोद सहन करेल, नकाशावर नाही. कट्टा असा शांत झाला की आत अण्णांच्या काट्यावर साखर पडल्याचं ऐकू आलं. आणि सगळे माझ्याकडं बघत होते, जणू ती देवगिरी मी रातोरात ट्रॅक्टरवर घालून नेली होती.

"अहो, कादंबरी आहे," मी म्हटलं. "कल्पना आहे ती."

"कल्पनाच करायची तर कल्पनेतलं गाव घ्यावं की माणसानं. आमचं कशाला?"

मी एकदम बारीक झालो. शेवटी अण्णांनीच वातावरण हलकं केलं. अण्णा लिंगायत. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, उधारी मागताना दोन्ही. "देवगिरी तुमच्याकडंच राहू दे मास्तर, पाहिजे तर लिहून देतो. आमचा नंदी खरं बेस केलाय त्यानं. मेलुहाच्या सैन्यात कॅप्टन! पोट सुटलंय, खरं माणूस चोख." (हे 'खरं' म्हणजे आमच्याकडचं 'पण'. भाचा ह्यालाही हसतो.)

मास्तर 'हर हर महादेव'वर आले. कादंबरीत शिव सैनिकांना ह्या घोषणेचा अर्थ सांगतो, 'हर एक महादेव', तुमच्यातला प्रत्येक जण महादेव. माझ्या अंगावर तिथं काटा आला होता. मास्तरांच्याही आला असावा, पण वेगळ्या कारणानं. "'हर' हे शिवाचं नाव आहे हो! हरण करतो तो हर. ह्यानं हिंदीतला 'हर एक' आणून चिकटवला. इसवी सनापूर्वी 1900 साली हिंदी होती?"

"मराठी होती?" तात्यांनी अगदी निर्मळ मनानं विचारलं.

मास्तरांनी हा प्रश्न वर्गाबाहेरचा ठरवला. अण्णा मात्र पुडी बांधता बांधता म्हणाले, "अर्थ चुकला असंल, बोललाय ते बरोबर हाय. खरं ह्यात नवीन काय? आमच्या बसवण्णांनी बाराव्या शतकात सांगून ठेवलंय. पैसेवाले देवळं बांधतील, मी गरीब काय करू? माझे पायच खांब, देहच देऊळ." मग ते वचन त्यांनी कन्नडमध्ये पूर्ण म्हटलं. अर्थ थोडाच कळला, पण गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाई हातात तेलाची बाटली घेऊन शेवटपर्यंत थांबली. 'हौद्री', म्हणजे 'होय हो', म्हणाली आणि मग पाव किलो रवा मागितला.

ह्यावर मास्तरांना चेव आला. नवीन काहीच नाही, हे त्यांचं पण म्हणणं होतंच, फक्त श्रेय वेगळ्या पत्त्यावर जायला हवं होतं. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये महाभारताची माणसं माणसांसारखी तपासली, त्याला 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'राधेय'वाले रणजित देसाई तर इथं पलीकडं चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. अण्णांनी काउंटरवर हात आपटला. मग आमच्या कन्नडातलं भैरप्पांचं 'पर्व'? 1979! एक चमत्कार नाही सगळ्या महाभारतात! मास्तर म्हणाले, ते मराठीत आणलं उमा कुलकर्णींनी, आणि त्या जन्मानं बेळगावच्या. हा मुद्दा नक्की कोणाच्या बाजूनं गेला ते कोणालाच कळलं नाही. त्यामुळं दोघंही खूश होऊन घरी गेले आणि मी साखर न घेताच परत आलो.

पुढचा नंबर तात्यांचा. तात्या वर्तमानपत्र सोडून काही वाचत नाहीत, पण देवगिरीचा सूड म्हणून त्यांनी पुस्तक नेलं. आठवड्यानंतर रात्री साडेदहाला दारावर थापा. मला वाटलं कोणी तरी गेलं.

"पानं कुठायत?" तात्या दारातच ओरडले.

"कसली पानं?"

"पुढची! ती सती देवळाबाहेर उभी हाय, तो तोंड झाकलेला नागा तिच्यावर धावून यायलाय, हा शिव धावतोय, आणि पुस्तक संपलं? पानं फाडून सोडला काय रे?"

पहिला भाग तसाच मध्येच सुटतो, पुढचं दुसऱ्या भागात आहे, हे त्यांना पटवायला मला पाऊण तास लागला. शेवटी दिव्याखाली बांधणीचा दोरा तपासून त्यांनी मला निर्दोष सोडलं. पण लेखकाला नाही. "ताणा बरा घातलाय," चपला घालताना म्हणाले, "बाणा सैल. मधी लै बडबड हाय. आणि अर्धं कापड कापून गिऱ्हाईकाच्या हातात देतात व्हय?" मी ह्या कादंबरीवर बरंच ऐकलंय, पण एवढी नेमकी समीक्षा कोणी केलेली नाही. ते खालच्या पायरीवरून वळले. "दुसरा भाग कधी आणतोस?"

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी इंजिनिअरिंगची मुलगी इंग्रजीतून आधीच वाचून बसली होती. तिचं मत मी विचारलंच नव्हतं, ते जिन्यात मिळालं. "अंकल, साडेचार स्टार. शिव हॉट आहे." ह्यावर पन्नाशीच्या माणसानं काय बोलावं ते मला सुचलं नाही, मी पाण्याची मोटर बंद करायला गेलो. तिला सगळ्यात आवडलं होतं ते सोमरसाचं शास्त्र. शरीरातले ऑक्सिडंट काढून टाकतो म्हणून मेलुहाचे लोक म्हातारे होत नाहीत. हे ती आईला समजावत होती.

"म्हणजे काय असतं त्यात?"

"आजी, आवळ्यात असतं ना, तसंच काही तरी."

"आवळा मी सत्तर वर्षं खातो," आई म्हणाली. "मग म्हातारी कशी झालो?"

बायकोनं पुस्तक सगळ्यात शेवटी वाचलं, दुपारच्या दुपारच्या. तिला देवगिरीचं काही नव्हतं, 'हर हर'चं नव्हतं. तिला एकच गोष्ट लागली, ती म्हणजे विकर्म. मेलुहाच्या कायद्यात ज्याच्या वाट्याला मोठं दुःख येतं तो मागच्या जन्मीचा पापी, त्याला शिवायचंसुद्धा नाही. सतीचं मूल मेलेलं जन्मलं म्हणून ती विकर्म, राजाची मुलगी असूनही. बायकोनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "ह्याला लोक काल्पनिक म्हणतात? आमच्या मावशीला सांगा. संक्रांतीला सगळी आळी हळदी-कुंकवाला यायची आमच्याकडं, ती मागच्या दारी भांडी घासत बसायची. स्वतःहून." ह्यावर कट्ट्यावरच्या कुणालाही काही सुचलं असतं असं वाटत नाही. मला तर नाहीच. ती उठून चहा ठेवायला गेली आणि चहात साखर घालायला विसरली.

एवढं सगळं होऊन आईचा बहिष्कार कायम. पुस्तक समोर आलं की माळ जोरात फिरायची. मी एकदा म्हटलं, "अगं, सौंदत्तीच्या डोंगरावर तू दर वर्षी जातेस. जोगती रेणुकेची गोष्ट दर वेळी वेगळीच सांगतात की. मातीच्या घड्याचं निराळं, परशुरामाचं निराळं. तेव्हा नाही राग येत?"

"ते देवीपुढं सांगतात," आई म्हणाली. "हा कुणापुढं सांगतो?"

मी तो विषय सोडला. पुस्तक अण्णांच्या थोरल्या मुलाकडं गेलं, तिथून त्याच्या मित्राकडं, तिथून कुठं गेलं कोण जाणे. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातनं लवकर घरी आलो. मागच्या अंगणात आई पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली. पलीकडं पायरीवर वरची मुलगी, मांडीवर माझं पुस्तक. मोठ्यानं वाचत होती. मास्तरांच्या पेन्सिलीसकट! मध्येच 'आधार?' असंही वाचत होती. आईच्या पुढ्यात सोललेले दाणे बोटभर आणि न सोललेल्या शेंगांचा ढीग. म्हणजे वाचन बराच वेळ चाललेलं.

मला बघून आईनं पटकन दोन शेंगा सोलल्या. मुलगी शेवटच्या पानावर होती. नागा धावला, शिव धावला, पुस्तक मिटलं. आई थोडा वेळ तशीच बसली.

"पुढं काय होतं रे?"

"दुसऱ्या भागात आहे."

"ती पोर वाचते का?"

"आई, तुला सगळं ठाऊक आहे की. दक्षाचा यज्ञ, सतीनं उडी घेतली..."

"ठाऊक आहे मला. तू मला पुराण शिकवू नकोस." आईनं शेंगांचं सूप जवळ ओढलं. "खरं ह्या माणसानं एवढं सगळं बदललंय. देवगिरी हलवली, नंदी हलवला. तेवढं एक बदललं असंल की. भाच्याला फोन लाव. आणि म्हणावं कुंदा तीन डबे नेलास तरी चालंल."