दोडक्याच्या शिरा राहिल्या की!

उरल्यासुरल्यातून स्वयंपाक करण्यावरचा लेख छान. फोडणीचा भात आला, वरणफळं आली, पण दोडक्याच्या शिरांची चटणी कशी विसरलात? आमच्याकडे दोडका आणतात तोच मुळी शिरांसाठी, भाजी आपली निमित्ताला. शिरा कोवळ्या हव्यात. जून निघाल्या तर चटणीत दोरे लागतात. बारीक चिरून थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या (इथे घाई केली की त्या नुसत्या मऊ पडतात), मग तीळ, किसलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ. लाल भोपळ्याच्या सालीचीही अशीच होते.

शिळी भाकरी मिक्सरमधून काढा, हे मात्र पटलं नाही. पार भुगा होतो आणि फोडणीत गिचका. हातानंच कुस्करावी, ताकाचा हबका मारून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवावी, मग कांदा, शेंगदाणे, हिरव्या मिरचीची फोडणी. ज्वारीची असेल तर ताक जरा सढळ हातानं.

तूप कढवल्यावर खाली राहणारी बेरी कणकेत मळा, पोळ्या खुसखुशीत होतात. आमच्या घरी ती कणकेपर्यंत पोचतच नाही, साखर घालून आधीच फस्त!

आणि भाताबद्दल एक : रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष परतूनही जात नाही. निवला की लगेच फ्रीजमध्ये.