शोरूमवाला कंपनीचा माणूस नसतो

गाडी घ्यायचा विषय निघाला की कौटुंबिक ग्रुपवर कुणीतरी हा मेसेज टाकतंच: ‘शोरूमवाला कंपनीचाच एजंट. गाडी खपली नाही तरी त्याचं काही जात नाही. डिस्काउंट त्याच्या मर्जीवर, वर हँडलिंग चार्जेस. हा दलाल काढला की गाडी लाखाने स्वस्त.’

एजंट? डीलर गाडी कंपनीकडून विकत घेतो, बहुतेक वेळा बँकेच्या पैशावर. ती यार्डात उभी असेपर्यंत व्याज त्याच्या डोक्यावर. कंपन्या दर महिन्याला विक्रीचे जे आकडे जाहीर करतात, तो बहुतांशी डीलरकडे रवाना झालेला माल असतो, तुमच्या दारात आलेल्या गाड्या नव्हेत. २०२४च्या सणासुदीच्या तोंडावर डीलरांच्या ‘फाडा’ या संघटनेच्या हिशेबाने ७.९ लाख गाड्या अशा पडून होत्या. किंमत ७९,००० कोटी.

‘काही जात नाही’ म्हणणाऱ्याने फोर्डच्या डीलरला विचारावं. सप्टेंबर २०२१मध्ये कंपनीने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपनीच्या नकाशाबरहुकूम बांधलेलं शोरूम आणि वर्कशॉप डीलरच्या खर्चाचं. शेवरोलेच्या डीलरांनी हेच २०१७मध्ये भोगलं होतं, कंपनीने इथली विक्री थांबवली तेव्हा. कंपनीचा तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी त्यानंतरही काही वर्षं चालला. शोरूमला निर्यात कुठली?

डिस्काउंटचं प्रकरण तर थेट महाराष्ट्रातलं. स्वतःला मारुतीचा डीलर म्हणवणाऱ्या कुणीतरी स्पर्धा आयोगाला निनावी ई-मेल पाठवली. चौकशीत निघालं ते भारी होतं: कंपनीने ठरवलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट कुणी देतं का हे बघायला खोटी गिऱ्हाइकं पाठवली जात. सापडला तर डीलरला दंड, आणि शोरूमच्या मॅनेजरपासून सेल्सच्या पोरापर्यंत माणसांनाही. ऑगस्ट २०२१मध्ये आयोगाने मारुतीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं, ही गोष्ट वेगळी. पण तुम्ही ज्याच्यावर कंजूष म्हणून चिडता, त्याचे हात कुणी बांधलेले असू शकतात, एवढं त्यातून दिसतं.

आता दलाल काढण्याचं. चाकणच्या मर्सिडीजने २०२१मध्ये बराचसा तो प्रयोग केला. साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, डीलर कमिशनवर. देशभर एकच एक्स-शोरूम किंमत झाली, घासाघीस संपली. शोरूमचं भाडं, टेस्ट ड्राइव्हच्या गाड्या, पगार हे खर्च कुठे जाणार? फक्त वही बदलते. टेस्लाने तर २०२५मध्ये बीकेसीत डीलरशिवायच दुकान मांडलं, आणि मॉडेल वायची सुरुवात साठ लाखांच्या घरात! त्यात आयात शुल्काचा वाटा मोठा. डीलर असता-नसता तरी तो भरावाच लागणार.

हँडलिंग चार्जेसबद्दल मात्र मेसेजशी माझं भांडण नाही. ते कशाचे, हे कोटेशनवर लेखी मागा. पुष्कळदा ती ओळ मुकाट गळते.